वारा, थंड पायरी आणि बिसेर्काचे दुखणे

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार. सकाळी ७.
दाब १०२१. आग्नेयेचा वारा, मंद.

बिसेर्का स्तोयकोव, तुला जाऊन आज सहा महिने झाले. अर्धवर्षाचा विधी परवा शनिवारी उरकला. विधीसाठीचे गहू छान शिजले होते. अक्रोड मात्र तुझ्या बहिणीने जाडेभरडे ठेवले. ही वही मी केवळ माझ्यासाठी उघडत आहे. तुला उद्देशून लिहिणे या पहिल्या पानापुरतेच. पुढे शिस्त पाळली जाईल.

उद्देश असा. व्रशात्सच्या वेधशाळेत चौतीस वर्षे नोकरी केली आणि एकही नोंद चुकवली नाही. त्यातील एकोणीस वर्षे घरी तुझ्या दुखण्याचाही तक्ता ठेवला: तारीख, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, आणि समोर तुझे दुखणे, शून्य ते पाच. तुझे ऑपरेशन झाले तोवर चारशे बारा नोंदी जमल्या होत्या. एंडोमेट्रिऑसिसचा इतका सलग तक्ता कोणा डॉक्टरकडे असेल असे मला वाटत नाही. आता त्याचा निबंध करायचा आहे. शीर्षक: एंडोमेट्रिऑसिस कशाने बळावतो. मुदत: ३१ मार्च.

घाईचे कारण नेवेना. आपली मुलगी सव्वीस वर्षांची झाली, आणि गेले वर्षभर दर महिन्याला तिची तशीच गत होते जशी तुझी होत असे. काल ती न्हाणीघराच्या फरशीवर पोट धरून बसलेली आढळली. अनवाणी! मी सपाता नेऊन दिल्या. म्हणाली, बाबा, सपाता नकोत, गोळी द्या. दोन्ही दिल्या. आधी सपाता.

दुसरा संकल्प: तुझे शिवणकामाचे दुकान येत्या सोमवारी रिकामे करणे. जागेच्या मालकीण पिरोश्काबाई, ज्या शेजारच्या गाळ्यात बायकांचे केस कापतात, त्यांचे दोन फोन येऊन गेले. भाचीसाठी जागा हवी आहे म्हणतात. ऑगस्टपासून मी तिथे गेलेलो नाही. वेळ मिळाला नाही, इतकेच.

८ फेब्रुवारी, बुधवार. सायं. ६.
दाब १०१९. वारा नाही.

नेवेनाने डॉक्टरांकडून एक पत्रक आणले आहे. चिकित्सकपणे वाचले.

गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते त्यासारखाच थर गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर, कधी आतड्यावर वाढतो. दर महिन्याला तोही सुजतो, त्यातूनही रक्त सुटते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. इथवर ठीक. नेमके कारण अद्याप माहीत नाही, असे पुढे म्हटले आहे. हा प्रामाणिकपणा की आळस, हा प्रश्न मी मोकळा ठेवतो. आईला असल्यास मुलीला होण्याची शक्यता वाढते, असेही आहे.

बळावण्याबाबत मात्र फारच मोघम. अपुरी झोप, ताण. काहींच्या मते दारू आणि तांबडे मांस, पण पुरावा कमी. थंडी, दारा-खिडक्यांमधून येणारा झोत, ओल्या पोहण्याच्या कपड्यांत बसणे, दगडी पायऱ्या, या गोष्टींबद्दल एक अक्षर नाही! आपल्याकडे सहा वर्षांच्या पोरीलाही कळते की थंड दगडावर बसू नये. मी समासात पेन्सिलीने भर घातली. शेवटचे कलम असे होते: वेदना नेहमीचीच म्हणून सोडून देणे व त्यामुळे निदानाला होणारा वर्षानुवर्षांचा उशीर. हे कलम वैद्यकीय नसून सामाजिक आहे. रेघ मारून खोडले.

नेवेनाने रात्रीच्या जेवणाला विचारले, बाबा, माझ्या पत्रकावर कोशावा कुणी लिहिलाय? मी म्हणालो, आग्नेयेकडून येणाऱ्या या वाऱ्याचा तुझ्या आईशी थेट संबंध होता. ती म्हणाली, आईचा संबंध तुमच्याशी होता, वाऱ्याशी नाही. मग सूप न संपवता उठली. भूक मंदावणे: नोंद घेतली.

१३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
दाब १०१२, घसरता. आग्नेयेचा वारा, ताशी ४० किलोमीटर.

दुकान आज रिकामे करता येणार नाही. सामान नेणारी गाडी उघडी असते, कापड उडेल. पुढचा सोमवार.

दिवस तक्त्यावर सत्कारणी लावला. एक गोष्ट पुन्हा ठळकपणे समोर आली. बिसेर्काचे दुखणे रविवारी इतर दिवसांच्या तिप्पट वेळा चारच्या वर गेलेले आहे, आणि तेही बरोबर दुपारच्या जेवणाच्या आधी. वाऱ्याला सात दिवसांचे छुपे चक्र असते, हा माझा सिद्धांत यावरूनच निघाला. २००९ मध्ये खात्याच्या पत्रिकेकडे तो लेख पाठवला होता. संपादकांनी परत केला. हेवा.

कोडे एवढेच की २०१२ च्या वसंतानंतर हा रविवारचा परिणाम अचानक नाहीसा होतो. त्याच वसंतात माझी आई निवर्तली, त्या धावपळीत मला त्याकडे लक्ष देता आले नाही. हवामानबदल असावा.

नेवेनाच्या खोलीच्या दाराखाली फट आहे. जुन्या चादरीची लांब गुंडाळी करून लावली. मी कोणाच्या आयुष्यात हस्तक्षेप करत नाही, हे इथे स्पष्ट नमूद करतो. मी फक्त फटी बुजवतो.

१८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.
दाब १००९. आग्नेयेचा वारा, ताशी ५५, झोत त्याहून अधिक.

आज हिवाळ्यातला पितरांचा शनिवार. स्मशानात अर्धे गाव होते. मेणबत्त्या टिकत नव्हत्या. मी घरून काचेची चिमणी नेली होती. फक्त आमचीच तेवत राहिली. समाधान.

आणि मग नेवेना संगमरवरावर बसली. थडग्याच्या कडेवर. नुसत्या पातळ कोटात, उणे एक तापमानाला. मी ओरडलो. लोकांनी वळून पाहिले. बिसेर्काची मोठी बहीण वेरित्सा गव्हाची वाटी हातात घेऊनच आली. म्हणाली, जावईबापू, पोरगी आईजवळ बसली आहे, ट्रॅमच्या रुळावर नाही. मी थंड दगड आणि अंडाशय यांचा संबंध थोडक्यात समजावला. ती म्हणाली, हो, आमची आजीही हेच सांगायची, आजीला सात मुलं झाली आणि ती आयुष्यभर नदीच्या दगडावर बसून धुणं धूत होती. आजूबाजूचे हसले. म्हातारा फुलवाला तर माझ्याच बाजूने बोलायला आला. म्हणाला, साहेब बरोबर सांगतात, माझ्या बायकोलापण तसंच झालं होतं. वेरित्सा त्याला म्हणाली, तुझ्या बायकोला तू झाला होतास.

नेवेना उठली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नंतर लक्षात आले की तिला उठताच येत नव्हते. आम्ही दोघांनी धरून तिला गाडीपर्यंत आणले. वाटेत तिने दोनदा थांबायला लावले. दात घट्ट आवळून म्हणाली, दगडामुळे नाही, बाबा. आधीपासून होतं. म्हणून बसले.

रुग्णाला कारण आणि परिणाम यांतला क्रम नेहमीच उलटा दिसतो.

पाच. नेवेनासमोर प्रथमच पाच लिहिले.

२० फेब्रुवारी, सोमवार.
दुकान नाही. वाऱ्याचा तिसरा दिवस. तीन दिवसांत थांबला नाही तर सात. सातांत नाही तर एकवीस, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. पिरोश्काबाईंना तसे कळवले. त्या म्हणाल्या, स्तोयकोवसाहेब, माझ्या भाचीचं लग्न ठरून, मोडून, परत ठरलं, तुमचा वारा काही पडत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.
दाब १०१७. वारा पडला. (सातव्या दिवशी. बरोबर!)

बेलग्रेडच्या हॉस्पिटलातून फोन. नेवेना दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला जाते आणि काम करताना मोबाइल बंद ठेवते, म्हणून त्यांनी घरचा नंबर फिरवला. तपासणी, आतली चित्रे, आणि ऑपरेशन करायचे की नाही याचा निर्णय: मंगळवार, ७ मार्च, सकाळी आठ.

मी आलेख समोर घेतला. दुसरा कोशावा २ मार्चला सुरू होणार हे उघड होते, आणि तो सातचा किंवा एकवीसचा. म्हणजे ७ तारखेला पहाटे पाच वाजता बसथांब्यावर, उघड्यावर, या प्रकृतीची मुलगी. मी परिचारिकेला विचारले, तारीख बदलता येईल का. ती म्हणाली, का, बाई आजारी आहे का? मी म्हणालो, वारा आहे. मग ती म्हणाली, तुम्ही तिचे वडील का? माझे वडीलपण असेच आहेत, मे महिन्यात कानटोपी. बघा हं, पुढची तारीख एकदम २० जून आहे, चालेल? तिने हे इतक्या सहज विचारले की मीही सहज हो म्हणालो.

२० जूनला हवा उत्तम असते.

नेवेनाला आज संध्याकाळी सांगेन.

२५ फेब्रुवारी. ती थकली होती. उद्या.

२६ फेब्रुवारी, रविवार. आज तिला बरे वाटत आहे. आनंद का घालवा.

२७ फेब्रुवारी. दुकानाचा सोमवार. निबंधामुळे राहिले. प्रस्तावना तिसऱ्यांदा लिहिली.

१ मार्च, बुधवार. रात्री ८.
नेवेनाने विचारले, हॉस्पिटलातून फोन आला होता का, यादीतल्या इतर बायका म्हणतात या आठवड्यात येतो. मी म्हणालो, त्यांच्या लाइनी नेहमी व्यग्र असतात. हे विधान स्वतंत्रपणे पाहता खरे आहे.

४ मार्च, शनिवार.
दाब १०२६. वारा नाही. उशिरा येत आहे, म्हणजे जोरात येणार.

७ मार्च, मंगळवार. पहाटे ५.
दाब १०२८. वारा शून्य. आकाश निरभ्र.

मी खिडकीत उभा आहे. समोरच्या पॉपलरचे एक पान हलत नाही (पाने नाहीत; फांदी हलत नाही). पाच दहाची बेलग्रेडची बस वेळेवर सुटली. आत दिवा होता. चार माणसे, टोप्यांशिवाय.

बिसेर्का, तू गेलीस त्या दिवशीही वारा शून्य होता. शिवणयंत्रावर बसल्या जागी तुझ्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, आणि मला कोणताही अंदाज देता आला नाही.

शिस्त मोडली. पुढे काळजी घेईन.

९ मार्च, गुरुवार. सायं. ७.
दाब नोंदवायचा राहिला, नंतर पाहतो.

नेवेनाने हॉस्पिटलाला स्वतःच फोन केला होता. ती चारला घरी आली, कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. फार हळू बोलली. म्हणाली, बाबा, तिथली बाई मला म्हणाली, तुमचे वडील फार काळजी घेणारे आहेत हो, वाऱ्यामुळे त्यांनी जूनमध्ये घेतलं. मी तिला म्हटलं, तुम्ही चुकून दुसऱ्या कुणाचं सांगताय. मी तुमच्यासाठी भांडले, बाबा, तिच्याशी.

मी आलेख आणला. तिने तो हातात घेतला नाही. म्हणाली, मंगळवारी वारा होता का? मी म्हणालो, सर्वसाधारण परिस्थितीत या काळात. ती म्हणाली, होता का?

नव्हता, असे मी सांगितले.

मग तिने बॅग भरली. मी म्हणालो, जाण्याआधी थांब, आईचा लोकरीचा कमरपट्टा तरी शोधून देतो. ती दारात थांबली. म्हणाली, आईने तो एकदाही बांधला नाही. तुमच्यासमोर घेऊन निघायची आणि दुकानात इस्त्रीच्या टेबलाखाली टाकायची.

मुली रागात अतिशयोक्ती करतात.

ती वेरित्साकडे गेली आहे. हवापालट म्हणून वाईट नाही, फक्त त्या घराच्या खिडक्या नीट लागत नाहीत.

११ मार्च, शनिवार.
वेरित्साला फोन केला. उत्तरेकडच्या खिडकीबद्दल सांगितले. ती म्हणाली, जावईबापू, पोरगी रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन पडली आहे, आणि तुम्हाला खिडकी सुचते. गरम पाण्याची पिशवी दिली का, असे मी विचारले. दिली, म्हणाली. मग आवाज उतरवून, मला नावाने हाक मारत म्हणाली, तिहोमिर, तुला भीती वाटते ना? आपल्या बिसेर्कासारखं होईल म्हणून?

मी म्हणालो, शास्त्रात भीतीला स्थान नाही. फोन ठेवला.

गुंडाळी तिच्या दाराखालून काढली नाही. खोलीत कोणी नाही, तरीही.

१५ मार्च, बुधवार. सकाळी ६.४०.

काल दुपारी नेवेना लॅबमध्ये कोसळली. अंडाशयावरची रक्ताने भरलेली गाठ फुटली. आपल्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात तातडीने ऑपरेशन झाले. मला वेरित्साने कळवले तेव्हा ती शुद्धीवर आली होती. मी चार तास खालच्या बाकावर बसलो. वर जाऊ दिले नाही. म्हणजे नेवेनाने नको म्हणून सांगितले होते.

डॉक्टर तरुण आहेत, घाम पुसत खाली आले. मी विचारले, सात तारखेला बेलग्रेडला गेली असती तर? ते म्हणाले, तर गाठ दिसली असती. हे टळलं असतं का? कदाचित हो. कदाचित नाही.

कदाचित नाही. हे शब्द मी बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. घरापर्यंत पुरले नाहीत.

१६ मार्च, गुरुवार. सकाळी १०.

वेरित्साचा फोन. डॉक्टरांनी परवा फक्त रक्त थांबवले. आत आतड्याशी बरेच चिकटलेले आहे आणि ते काम बेलग्रेडला व्हायचे आहे. तिकडे बोलून ४ एप्रिलची तारीख मिळवली आहे. आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट हवे आहेत. तिचेही आतड्याशी होते का, ते त्यांना पाहायचे आहे. मी म्हणालो, घरात नाहीत, मी सर्व कपाटे जाणतो. वेरित्सा म्हणाली, दुकानात आहेत. नेवेना म्हणते, आईचं जे तुम्हाला दिसू नये असं होतं ते सगळं दुकानात आहे.

दुपारी जाईन.

१६ मार्च, दुपारी ४.

गेलो. किल्ली दोनदा चुकीच्या बाजूने लावली. शेजारच्या गाळ्यातून पिरोश्काबाईंनी आपली खिडकी ठोठावली आणि म्हणाल्या, या स्तोयकोवसाहेब, सात महिन्यांनी वारा तुम्हाला इकडे घेऊन आला.

दुकानाची मागची खिडकी उघडी होती. दोन बोटे. खाली पाचर ठोकलेली, म्हणजे कायमची. समोरचे दार आणि ती खिडकी यांच्या बरोबर मध्ये बिसेर्काचे यंत्र. ऑपरेशनच्या आधीची अकरा वर्षे, शिवाय नंतरची सात, ती झोतातच बसत होती. मी खिडकी लावायला गेलो, पाचर निघेना.

पिरोश्काबाई कॉफी घेऊन आल्या आणि दाराच्या दगडी पायरीकडे बोट करून म्हणाल्या, तिची जागा. रोज अकराला. चपला काढून बसायची, जानेवारीतसुद्धा. मी म्हणायचे, बाई गं, दगड थंड आहे. ती म्हणायची, म्हणूनच बसते, घरी कुणी बसू देत नाही. मी विचारले, आणि दुखायचे तेव्हा? त्या म्हणाल्या, दुखायचं तेव्हा माझ्या केस धुण्याच्या खुर्चीत पडायची, ती मागे कलते ना. गिऱ्हाइकं बाहेर थांबायची. गावातल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं, साहेब.

रिपोर्ट सापडले. बटणांच्या डब्याखाली, पाकिटात. त्याच पाकिटात मापांच्या वहीची मागची पाने, दोऱ्याने शिवलेली. तिचे अक्षर. तारखा आणि समोर शून्य ते पाच.

तिनेही तक्ता ठेवला होता.

१७ मार्च, शुक्रवार. सकाळपासून.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. २००४ ते २०१५.

जुळत नाहीत.

माझ्याकडे पाच, तिच्याकडे शून्य. माझ्याकडे काहीच नाही, तिच्याकडे सलग तीन दिवस पाच. प्रथम वाटले, तिने तारखा चुकवल्या. मग शेरे वाचले.

“३ ऑक्टोबर. पाच. उभं राहवेना. पिरोश्काच्या खुर्चीत दोन तास. ति. ला सांगितलं, गिऱ्हाईक होतं. नाहीतर खिडक्या बंद करेल आणि वही काढेल.”

“रविवार. शून्य. सासूबाई जेवायला. ति. ला सांगितलं दुखतंय. पडून कादंबरी वाचली. त्या चार वाजता गेल्या.”

असे रविवार एकशे सात. माझे सात दिवसांचे चक्र म्हणजे माझी आई आणि तिचे रविवारचे जेवण.

“१९ मे २००६. डॉक्टर म्हणाले, बाई, हे सहन करायचं नसतं, ऑपरेशन करून घ्या. घरी आले. ति. नं पट्टा आणला होता, लोकरीचा, झ्लातिबोरहून मागवलेला. इतका खूश होता. त्याला सांगायचं राहिलं. उन्हाळ्यानंतर बघू.”

ऑपरेशन २०१५ मध्ये झाले. नऊ वर्षे. मला वाटत होते, डॉक्टरांकडूनच निदान उशिरा झाले. तसे मी निबंधाच्या प्रस्तावनेत तीनदा लिहिलेही आहे.

शेवटचे पान गेल्या वर्षीच्या जूनचे. “नेवेनाला परत दुखलं. हे तेच आहे. तिला थांबू द्यायचं नाही. ति. ला नीट बसवून सांगायला हवं. तो आकाशाकडे बघेल. तरी सांगायला हवं. पायरीवर आणून बसवीन त्याला आणि सांगेन.”

ऑगस्टच्या सहा तारखेला ती गेली.

तिने मला बोलावले नाही, असे लिहिणार होतो. पण मी त्या दुकानात बावीस वेळाच गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी पहिले वाक्य दार लाव हेच होते. हे तक्त्यात नाही. मला आठवते.

१९ मार्च, रविवार. सायं. ५.

हॉस्पिटल. या वेळी नेवेनाने वर येऊ दिले. रिपोर्ट दिले, आणि ती शिवलेली पानेही. मी दाराशी उभा राहिलो. ती वाचत होती. मध्येच हसली, टाके ताणले गेले, विव्हळली, पुन्हा हसली. म्हणाली, कादंबरी वाचायची म्हणून! आजीला म्हणायची, आई गं, उठवत नाही हो! मग तिसऱ्या पानावर रडू लागली आणि मला काय करावे ते कळेना. खिशात सपातांची जोडी होती. काढली नाही.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, अहो, पोरीला पाणी तरी द्या, उभे काय राहिलात पोस्टमनसारखे. दिले.

नेवेना म्हणाली, बाबा, खोलीत गुदमरतंय. खिडकी उघडा.

ऑपरेशनला पाच दिवस झालेली मुलगी. बाहेर सहा अंश, आग्नेयेचा वारा. खिडकीसमोरच दार, आणि दार उघडे. म्हातारीने लगेच पांघरूण डोक्यावर ओढले आणि म्हणाली, मेले मी, झोत येणार! नेवेना माझ्याकडे पाहत होती. खिडकीकडे नाही.

उघडली.

पडदा आत आला. ती डोळे मिटून पडून राहिली. मी पंचवीस मिनिटे घड्याळ पाहिले. काही झाले नाही. निघताना ती म्हणाली, तुम्ही आईचं ऐकलं असतंत का, तिनं सांगितलं असतं तर? मी म्हणालो, माहीत नाही. चौतीस वर्षांत हा शब्द मी नोंदीत कधी वापरला नव्हता.

ती म्हणाली, मीपण सांगितलं होतं, बाबा. रोज.

२२ मार्च, बुधवार.

पत्रक पुन्हा वाचले. मी खोडलेल्या शेवटच्या कलमावरची रेघ खोडरबराने पुसली. कागद किंचित फाटला. समासातले कोशावा, दगड, ओले कपडे, फरशी हेही पुसले. ताण हा शब्द होता तिथे थांबलो. तिथे काही लिहावेसे वाटले. लिहिले नाही, पत्रक नेवेनाचे आहे.

निबंधाची प्रस्तावना आणि चारशे बारा नोंदी दोरीने बांधून ठेवल्या. रद्दीत टाकणार होतो. वेरित्सा म्हणाली, राहू दे, जावईबापू, एकशे सात रविवार तिने आराम केला याचा तेवढाच पुरावा आहे.

३१ मार्च, शुक्रवार.

दाब पाहिला नाही.

दुकान रिकामे केले. वारा जोराचा होता आणि गाडी उघडी होती. एक अस्तराचे कापड उडून फार्मसीच्या फलकावर अडकले. पिरोश्काबाईंची भाची हसत धावली आणि घेऊन आली. नेवेना हॉस्पिटलातून परस्पर वेरित्साकडे गेली आहे. तासभर येऊन खुर्चीत बसली, काय ठेवायचे काय द्यायचे ते बोटाने दाखवले. आईची मोठी कात्री तिने घेतली. यंत्र भाचीसाठी राहिले. कमरपट्टा इस्त्रीच्या टेबलाखाली मिळाला. कोरा. दुकानदाराची चिठ्ठीही तशीच.

चार तारखेच्या बसबद्दल विचारायचे धाडस मला झाले नाही. ती आपणहून म्हणाली, वेरित्सामावशी येणार आहे माझ्याबरोबर. मग चपलेच्या टोकाने फरशीवरची टाचणी सरकवत म्हणाली, तुम्ही यायचं तर मागच्या सीटवर. आणि तोंडातून वाऱ्याचं नाव काढायचं नाही. मी म्हणालो, मान्य. ती म्हणाली, बघू.

वेरित्सा तिला घेऊन गेली.

मग मी दाराच्या पायरीवर बसलो. बूट काढले. मोजे राहू दिले. नंतर तेही काढले. दहा मिनिटे. दगड थंड होता. बाकी काही झाले नाही.

पिरोश्काबाई कॉफी घेऊन आल्या, मला पाहून कप शेजारी ठेवला आणि आत गेल्या.

कप धुऊन दिला. दाराला कुलूप लावले. किल्ल्या परत केल्या.